सुट्टी कधी लागते?

रविवार, रात्री साडेदहा

आत्ताच आजीचा फोन झाला. तिने नेहमीचंच विचारलं, "सुट्टी कधी लागते गं तुझी?" आता सुट्टी लागत नसते, मागावी लागते, हे तिला कसं सांगावं ते सुचेना. "दिवाळीला येते," एवढंच म्हणाले.

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जात नाहीये. जुलैत सांगली सोडून डोंबिवलीला आले तेव्हा मला धास्ती होती ती गर्दीची, भाड्याची, एकटं पडण्याची. त्यातल्या बऱ्याच गोष्टी अंगवळणी पडल्या. पडत नाही ती एकच: इथे काहीच संपत नाही. कॉलेजात सबमिशन, व्हायवा, पेपर, सगळ्याला शेवट होता. सेमिस्टर कितीही वाईट गेली तरी ती संपणार याची खात्री असायची. शेवटचा पेपर देऊन विश्रामबागच्या रस्त्यावर विनाकारण हिंडायचो, त्या दुपारसारखी दुपार आता वर्षात एकही नाही. एक सोमवार जातो आणि दुसरा येतो. मुदत असलेली एकच गोष्ट माझ्याजवळ आहे, ती म्हणजे आम्हा तिघींच्या या खोलीचा ११ महिन्यांचा करार.

काम मात्र मला मनापासून आवडतं. ऑफिस चकाल्याला आहे. फास्ट लोकलने घाटकोपर, पुढे मेट्रो. इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतो आम्ही. कॉलेजात आयएस ४५६ मधला, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाच्या भारतीय मानकातला, तक्ता १६ पाठ केला होता: सौम्य वातावरणात सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, मध्यम असेल तर ३०, तीव्र असेल तर ४५. पेपरात दोन मार्कांना यायचा, लिहायचा आणि विसरायचा. इथे पहिल्याच महिन्यात मॅडमनी एका ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, "हे ४५ का घेतलंस?" मी तक्त्याचं नाव सांगितलं. त्या मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. समोरच्या जुन्या इमारतीच्या छज्ज्याचं काँक्रीट निखळलं होतं आणि आतली गंजून फुगलेली सळई उघडी पडली होती. समुद्राची खारी हवा आत शिरली की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. त्या दिवसापासून ४५ हा आकडा मी वेगळ्या नजरेने लिहिते. ड्रॉइंग मंजूर होऊन साइटवर गेलं की कुणीतरी त्याप्रमाणे सळया बांधतं आणि त्या छताखाली लोक पन्नास-साठ वर्षं राहणार असतात. काम असं लांबवर जात राहतं, याचा मला अभिमान वाटतो. दमायला होतं तेही त्यामुळेच.

पावसाळ्यातली एक गोष्ट लिहायची राहिली होती. सांगलीत पूर येतो तो सांगून येतो. कोयना धरणातून विसर्ग वाढला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याचे फूट मोजायला सुरुवात होते. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, आणि घराघरांत तोच विषय. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सगळं शहर थांबलं होतं. कुणाचं सामान वर न्यायचं, कुणाकडे राहायला जायचं, हे सगळं एकमेकांच्या सोबतीने चाललं होतं. यंदा इथे कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या थांबल्या, दुपारी ओसरलं आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा स्क्रीनसमोर. त्या रात्री बाबांशी फोनवर बोलताना रडू आलं. त्यांनी काही विचारलं नाही, आयर्विनचे फूट सांगत राहिले.

पगाराच्या पहिल्या स्लिपवर पीएफचे १२ टक्के आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले होते, ते बाबांना वाचून दाखवले. पीएफच्या अर्जात नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलं. आजवर प्रत्येक अर्जावर आईबाबांच्या नावाखाली माझं नाव असायचं. बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले होते.

गुरुवार, रात्र

आजचं लिहायलाच हवं.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमच्या डब्यात खंडेनवमीलाच गाडीची पूजा असते. आमचा म्हणजे सकाळच्या फास्टचा लेडीज डबा. इथल्या बायकांनीच मला सगळं शिकवलं: चढल्याबरोबर "कुठे उतरणार?" विचारून सीट सांगून ठेवायची, तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर कसं टेकायचं, ठाणं गेलं की दाराकडे सरकायचं. कल्याणहून येणारी एक जण झेंडूच्या माळा आणणार आहे, मी भडंग. आईला सांगितलंय, मोठा डबा पाठव.

ग्रुपमधल्या बँकेतल्या काकू ऑक्टोबरअखेर निवृत्त होतायत. माझ्या वयाच्या असताना त्या याच मार्गावर प्रवास करायला लागल्या. त्यांना आज विचारलंच, "काकू, कॉलेजनंतर सुट्ट्या नसण्याची सवय कधी झाली तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "मी करूनच घेतली नाही. नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की त्यातच माझी मे महिन्यातली सुट्टी लिहायचे. साहेबांना नंतर सांगायचे. तूही तुझे दिवस आधी ठरव गं, नाहीतर दुसरे ठरवतात." मग सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं तीही सुट्टी घेता आली नाही, असंही सांगितलं. तेवढ्यात घाटकोपर आलं.

दिवसभर तेच मनात होतं. आमच्याकडे प्रोबेशन संपेपर्यंत सलग सुट्टी मागायची नाही असा अलिखित नियम आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. घर सोडून पहिल्यांदा इतक्या लांब आलेल्या मुलामुलींना तर पहिल्याच वर्षी सलग आठवडा मिळायला हवा. दुपारी मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "लिहून पाठव," म्हणाल्या.

संध्याकाळी अर्ज पाठवला. दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत आणि मे महिन्यात एक पूर्ण आठवडा. मंजुरी आलेली नाही. तिकीट मात्र काढून टाकलं, कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसचं. वेटिंगवर आहे. मिळालं नाही तर ठाण्याहून एसटी.