बिनउन्हाचा उन्हाळा

समोरच्या वहिनींनी परवा जिन्यातच गाठलं. दोघं जूनमध्ये अलास्काच्या क्रूझला निघालेत. "ताई, तुम्ही गेल्या वर्षी जाऊन आलात ना? हवा कशी असते हो तिथे?" मी उत्साहाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुठल्या दिवशीची सांगू? कुठल्या डेकवरची?

हाच प्रश्न जाण्याआधी महिनाभर मी सगळ्यांना विचारत होते. आमची बोट मेच्या मध्यावर व्हँकुव्हरहून सुटणार होती. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला, दुपारी पडदे ओढून पंख्याखाली पडायचं, आणि त्या अवस्थेत सुटकेसमध्ये लोकरीचे पायमोजे भरायचे. हात धजत नाही हो! अंगातून घामाच्या धारा वाहत असताना थंडीची कल्पना करणं म्हणजे पोटभर जेवल्यावर उद्याचा उपास आखणं. त्यात मुलगी फोनवर सांगत होती, "आई, इकडे तेव्हा उन्हाळ्याची सुरुवात असते." आता आपला उन्हाळा हा शब्दच मुळी उन्हातून उगवलेला. मी निमूटपणे दोन सुती ड्रेस आणि उन्हाची टोपी वर ठेवली. ती टोपी आठ दिवसांत एकदा वापरली. केबिनमध्ये चष्मा, किल्ली आणि गोळ्या एकत्र ठेवायला.

नवरा आकड्यांवर विश्वास ठेवणारा. त्याने अलास्काची राजधानी जुनो, तिथलं मे महिन्यातलं कमाल तापमान शोधलं, साधारण १३-१४ अंश. "म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली पहाट," असं म्हणून तो निर्धास्त झाला. पहाट नव्हे, ती तिथली भर दुपार आहे, हे त्याला तिथे पोहोचल्यावर कळलं. आणखी एक गंमत. व्हँकुव्हर कॅनडात, तिथे तापमान सेल्सिअसमध्ये. अलास्का अमेरिकेत, तिथे फॅरनहाइट. निघताना १२ असलेला आकडा केचिकन ह्या अलास्कातल्या बंदराला उतरताना ५४ झाला होता. हवा तीच. पण चाळिशीतून आलेल्या माणसाला ५४ वाचून क्षणभर घाम फुटतो, आणि तेवढ्या क्षणापुरतं बरं वाटतं.

बोट लागेल अशी मला धास्ती होती, म्हणून पर्समध्ये आवळासुपारी आणि आलेपाक. पण पहिला दिवसभर समुद्र तळ्यासारखा. मुख्य भूमी आणि व्हँकुव्हर बेट ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून बोट जाते आणि बेट पॅसिफिकच्या लाटा अंगावर घेतं. थोरल्या जावेच्या आडोशाला धाकटीचा संसार सुखाचा चालावा, तसं. मग बेट संपतं, क्वीन शार्लट साउंड नावाचा उघडा पट्टा येतो, आणि रात्री हँगरवरचे कपडे एका लयीत डुलायला लागतात. दोन-चार तास आलेपाक कामाला आला. पुन्हा बेटांच्या आड शिरलो की सगळं शांत.

ह्या प्रवासात मला लागलेला मोठा शोध वेगळाच आहे. हवामानाचा अंदाज गावाचा असतो, डेकचा नसतो. आमची बोट ताशी वीस नॉट, म्हणजे सदतीस किलोमीटरने चालायची. बाहेर पान हलत नसलं तरी डेकच्या पुढच्या टोकाला ताशी सदतीस किलोमीटरचा वारा तोंडावर असतोच. तो बोटीने स्वतःच पैदा केलेला. समोरून आणखी वारा आला तर बेरीज करायची. आणि मागून तेवढ्याच वेगाने आला, तर डेकवर एकाएकी सगळं निपचित, धुराड्यातला धूर सरळ वर. एके दुपारी असंच झालं. उन्हाची तिरीप आली, वारा पडला, आणि कुठून कुठून माणसं डेकवर गोळा झाली. चादरी गुंडाळलेली, कॉफीचे कप धरलेली, डोळे मिटून सूर्याकडे तोंड केलेली. त्यात आम्ही दोघं. पंधरा दिवसांपूर्वी मी रिक्षातसुद्धा उन्हाची बाजू टाळून बसत होते. इथे उन्हाचा तुकडा सरकेल तशी खुर्ची सरकवत होते. पाऊण तासात मी अर्धा डेक पार केला.

केचिकनला पाऊस होता. केचिकनला पाऊस असतोच. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या तोडीचा. पण रत्नागिरी तो चार महिन्यांत संपवून मोकळी होते, केचिकन वर्षभर पुरवून पुरवून वापरतं. धक्क्याजवळ पावसाची उंची दाखवणारा मोठा फलकच आहे. १९४९ साली २०२ इंचांच्या वर पडला, हे त्यावर अभिमानाने लिहिलंय. गावामागे डीअर माउंटन नावाचा डोंगर. गावकरी सांगतात, डोंगर दिसत नसेल तर पाऊस पडतोय असं समजा, आणि दिसत असेल तर पडणार आहे असं समजा. मे, जून, जुलै हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, आणि ऑक्टोबर सगळ्यांत ओला. त्या कोरड्या महिन्यातही आम्ही उतरल्यापासून चढेपर्यंत भुरभुर होती. मुसळधार नाही, सर नाही, रिपरिपही नाही. हवाच ओली असते आणि आपण तिच्यातून चालतो.

मी सवयीने छत्री उघडली. गावात छत्र्या फक्त बोटीवरून आलेल्यांच्या. तिथली माणसं टोपीचं जॅकेट चढवून, तपकिरी गमबूट घालून आपल्या कामाला चाललेली. शाळेतली पोरं तर तसलं काही न घालता खेळत होती. क्रीक स्ट्रीट म्हणून ओढ्यावर खांब रोवून बांधलेली जुनी लाकडी आळी आहे, तिच्या फळ्यांवरून चालताना मला आजोबांची आठवण झाली. त्यांच्या कोकणात पाऊस म्हणजे सगळं बंद. मेच्या अखेरीस मुंबईच्या बोटी थांबायच्या, होड्या ओढून शाकारून ठेवायच्या, आणि समुद्राशी पुन्हा बोलणं नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर. ह्या लोकांनी पावसासाठी असं थांबायचं ठरवलं असतं तर गाव वसलंच नसतं. दुकानातल्या बाईंना मी विचारलं, "कधी थांबेल?" त्यांनी काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "काय थांबेल?"

आणि तिथून उत्तरेला स्कॅगवेला गेलो तर लख्ख कोरडं! तिथे वर्षाला जेमतेम साडेसहाशे मिलिमीटर. महाबळेश्वरचा घाट उतरून वाईला यावं तसं. ढग आधीच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि मागच्यांच्या वाट्याला वारा येतो. स्कॅगवेच्या वाट्याला तो भरपूर आहे. गावाचं नावच तिथल्या त्लिंगित लोकांच्या भाषेतून, वाऱ्याने खवळलेल्या पाण्यावरून आलंय म्हणतात. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे निघालेली हजारो माणसं इथूनच डोंगर चढली. पलीकडे उपाशी मरू नयेत म्हणून कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय हद्दीत घेत नसत. अवजारं वगैरे धरून माणशी जवळजवळ एक टन सामान. मी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या तेवीस किलोच्या बॅगेवरून पुण्यात किती बोलला होता! आता तिथे वर जायला छोटी रेल्वे आहे. खाली बंदरात हिरवी पालवी आणि तासाभरात वर खिंडीत रुळांशेजारी बर्फाच्या भिंती. अंगावरचे कपडे जाताना चार वेळा चढवले, येताना चार वेळा उतरवले. कांदा सोलावा तसं.

लोक आणखी एक विचारतात, नॉर्दर्न लाइट्स दिसले का? दिसायला आधी अंधार हवा. मेच्या अखेरीस जुनोला रात्री पावणेदहाला सूर्य मावळतो आणि चारच्या सुमारास पुन्हा हजर. मधला वेळही पुरता काळोख नाही, संधिप्रकाशाचा निळसर चिकटा. पहिल्या रात्री आम्ही "अजून उजेड आहे" म्हणत जेवायला बसलो नाही. शेवटी वाढणाऱ्या मुलाने येऊन सांगितलं, स्वयंपाकघर बंद व्हायला पाच मिनिटं आहेत.

ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी, तिच्या दिवसाची मात्र मी फार वाट पाहिली होती. सकाळी पडदा सारला आणि आभाळ राखेच्या रंगाचं. एवढे पैसे खर्चून नेमका आजच ढगाळ दिवस, अशी माझी भुणभुण सुरू झाली. बोटीवर राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजर बाई चढल्या होत्या, त्या ध्वनिक्षेपकावरून सांगत होत्या की १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी नव्हतीच, जवळजवळ सगळा बर्फच होता. १८७९ पर्यंत तो साठ किलोमीटरच्या वर मागे हटला होता. म्हणजे आम्ही सकाळपासून ज्या पाण्यावर चहा पीत होतो, तिथे हिमनदी होती.

मग मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. दीडेक किलोमीटर रुंद बर्फाची भिंत, आणि तिच्यावरून गार हवा घरंगळत आमच्यापर्यंत येत होती. दार उघडून समोर कुणीतरी मोठा फ्रीज धरलाय असं. ती भिंत निळी होती. पांढऱ्यावर निळी झाक नव्हे, नीळ घातलेल्या धोतरासारखी नव्हे, आतून निळी. दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग गिळतो आणि निळा परत देतो. रेंजर बाई म्हणाल्या, तुमचं नशीब चांगलं, आज ऊन नाही. उन्हात बर्फ नुसता पांढरा चमकतो, ढगाखाली निळा उठतो. भुणभुण बंद झाली. तेवढ्यात एक कडा सुटला. आधी दिसला, आवाज मागाहून आला. डेकवर शेकडो माणसं, आणि कुणी बोललं नाही.

हे सगळं जिन्यात उभ्याने कसं सांगणार? मी वहिनींना म्हटलं, "छत्री नेऊ नका. टोपीचा रेनकोट न्या, थांबा, माझाच देते." कपाटातून काढून, झटकून दिला. त्या खूश होऊन गेल्या.

दार लावल्यावर विचारलं नाही हे लक्षात आलं, म्हणून पुन्हा उघडून हाक मारली, "वहिनी, निघताय कधी?"

"आठ जूनला. परत वीसला!"

पुण्यात पाऊस साधारण दहाला येतो. आता माळ्यावरची छत्री काढते. तिची एक काडी बहुतेक मोडलेली आहे.