मुंबई–कोल्हापूर विमान: ‘फक्त अर्धा तास’ यावर विसंबू नका

उड्डाण तासाभराचं आणि गेटवर ताटकळणं चार तासांचं, असा हा प्रवास झाला. आधी ‘अर्धा तास उशीर’, मग आणखी अर्धा, मग पाऊण. एकदम चार तास सांगितले असते, तर लोकांनी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची तरी सोय बघितली असती. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं की कोणीच जागचं हलत नाही. ही सरळसरळ लबाडी आहे.

छोट्या मार्गांवर एकच एटीआर (पंख्याचं छोटं विमान) दिवसभर वेगवेगळ्या गावांच्या फेऱ्या मारतं. सकाळी एक फेरी रखडली की पुढच्या सगळ्या लांबतात. म्हणून बोर्डावरची वेळ सोडा आणि तुमच्या फेरीला लागणारं विमान आत्ता कुठं आहे ते फ्लाइटरडार24 या विमानांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बघा. ते मागच्या गावाहून उडालेलंच नसेल, तर तिथून यायचा वेळ धरा, वर उतरण्या-चढण्याला निदान अर्धा तास. काउंटरवरच्या उत्तरापेक्षा हा हिशोब खरा निघतो.

आता हक्काचं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. तिच्या सीएआर या नियमावलीचा विभाग 3, मालिका एम, भाग 4 फोनमध्ये उतरवून ठेवा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर अपेक्षित असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. न मागता क्वचितच मिळतं. नियमात ‘मूळ किंवा सुधारित वेळ’ असे शब्द असल्याने काउंटरवाले सुधारित वेळेवरून मोजायला बघतात. मूळ वेळेचं तिकीट पुढे करा आणि प्रत्येक एसएमएसचा स्क्रीनशॉट ठेवा. सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. हॉटेल मिळतं ते 24 तासांच्या वर उशीर झाला तर, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 मधलं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं तर.

नुसत्या उशिराची रोख भरपाई नाही. त्यावर काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका.

विमान पुरेशी आगाऊ सूचना न देता रद्द झालं तर भरपाई आहे: तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला (विमान जागचं हलल्यापासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ) 5,000 रुपये, एक ते दोन तासांना 7,500. पण खरी मेख पुढे आहे. ही रक्कम, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते मिळतं. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून 1,900 असेल तर 1,900च. स्वस्त तिकिटावर पाच हजारांची आशा धरू नका. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) किंवा सुरक्षेचं कारण असेल तर तेही नाही. म्हणून रद्द होण्याचं कारण लेखी मागा. ‘खराब हवामान’ सांगितलं आणि त्याच वेळी दुसऱ्या कंपन्यांची विमानं तिथं उतरत असतील, तर त्याचेही स्क्रीनशॉट घ्या.

एजंटकडून तिकीट काढलंत तर त्यावर स्वतःचाच मोबाईल नंबर घालायला लावा. बुकिंगमध्ये पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. एजंट आपला नंबर टाकतो, सूचना त्याच्याकडे जाते आणि तुम्ही विमानतळावर पोचता.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाकडे, लेखी. दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर, पीएनआर आणि सगळ्या स्क्रीनशॉटसह.