इंबेतली इलेक्ट्रिक भट्टी

सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात इतक्या संध्याकाळी काढल्यात, की जपानमधल्या ओकायामाला जाऊन, ज्याच्यावरून ते बेतलंय ते मूळ कोराकुएन उद्यान न बघणं बरं दिसलं नसतं. पाहिलं. सुंदर आहे, गर्दीही भरपूर. पण लिहायचंय ते इंबेबद्दल.

ओकायामाहून आको लाइनची गाडी पाऊणएक तासात या 'बिझेन' म्हणतात त्या मातीच्या भांड्यांच्या गावी सोडते. विटांची धुराडी, दुकानांत रांगेने चहाचे पेले, आणि चहा कुठे? स्टेशनजवळच्या मशीनमधल्या बाटलीत! टेकडीच्या पायथ्याला ५० मीटरहून लांब जुन्या भट्टीचे अवशेष आहेत. आमची मंडळी तिथे लगेच कंटाळली.

बिझेनला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतं. एका दुकानात फिकट मातीवर लाल रेघा ओढलेला पेला दिसला. 'हिदासुकी', दुकानदार म्हणाले. ते स्वतःच कुंभार. पुढचं सगळं फोनवरच्या भाषांतराच्या भरवशावर. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढ्यातलं पोटॅशियम आणि मातीतलं लोह यांच्यातून भट्टीत लाल रेघ उमटते. मोमोयामा काळातल्या (सोळाव्या शतकाची अखेर) चहावाल्या रसिकांनी अशी भांडी डोक्यावर घेतली. पुढे मागणी आटली, मेजी काळात (१८६८–१९१२) इथे विटा आणि सांडपाण्याचे नळसुद्धा भाजले गेले. इथलेच कुंभार कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) आधी नाजूक मूर्ती घडवायचे; ते सोडून मोमोयामाची जुनी भांडी, त्यांची माती, भाजणी यांच्या मागे लागले. १९५६मध्ये सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं.

मी भारावून विचारलं, "हा पेला किती दिवस भाजला?" मनात पाइनची लाकडं, रात्रभर जागणारे कुंभार.

"इलेक्ट्रिक भट्टी."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. लाकडाच्या भट्टीत राख उडते, रेघ झाकते, ते म्हणाले. जुने लोकही असा पेला मोठ्या रांजणाच्या पोटात ठेवून भाजत, राख लागू नये म्हणून. मग कच्चा पेला घेऊन त्यांनी पेंढ्याच्या कुटून मऊ केलेल्या दोन काड्या त्याभोवती गुंडाळल्या, एक काढली, तिरकी करून पुन्हा लावली. इथे बटण नव्हतं.

पटलं. तरी वीज वापरता तर भाव उतरवा की! साडेचार हजार येन मोजले. शेजारच्या राखेच्या ठिपक्यांवाल्या, लाकडावर भाजलेल्या पेल्याचे बारा हजार होते, म्हणून वाद घातला नाही.