गेले

नवख्या गावात गेलो की देवळात शिरण्याआधी माझी नजर देवळाबाहेरच्या दगडांवर जाते. (घरच्यांना हे आवडत नाही. त्यांचं दर्शन होऊन प्रसादही खाऊन झालेला असतो, मी बाहेर उकिडवा.) त्या दगडांत एखादा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, बहुतेक वेळा असतोच. कुठे पिंपळाच्या पारात अर्धा पुरलेला, कुठे पायरीला बसवलेला, कुठे शेंदूर फासून थेट देवपदाला पोचलेला. एकदा तर एका वीरगळाला मोटारसायकल टेकवलेली पाहिली. वीर बिचारा तीही सांभाळत उभा.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला असतो. शेजारी गाई दिसल्या की समजायचं, गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो पडला. त्यावर लढाई, त्याच्या वर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, आणि सर्वांत वर तो शिवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार. शब्द कानडीकडून आलेला, कल्लु म्हणजे दगड. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगासुद्धा मोजता येतात.

सगळं आहे, फक्त नाव नाही. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. चंद्र-सूर्य असेतो कीर्ती राहायची, पण कोणाची, हे लिहायला कोणाला सुचलं नाही. की गरज वाटली नाही? तेव्हा गावात प्रत्येकाला ठाऊकच होतं ना, कोण तो.

दुसरा दगड याच्या अगदी उलट. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या लावल्या. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे वेशीत त्या अजून दिसतात. मजकूर ठरलेला, इंग्रजीत: या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक फक्त आकडे बदलायचे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याच्या नावापुढे लोक अभिमानाने ‘मिलिटरी’ लावतात, मेलेल्यांचा आकडा ४६ आहे. एका गावाला ४६!

तिकडे इंग्लंड-फ्रान्सच्या खेड्यांत मात्र नावं. फ्रान्समध्ये तर युद्धानंतरच्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक गावाने स्मारक उभारलं. पुष्कळ गावांनी ओतशाळेच्या कॅटलॉगातून शिपाई पसंत करून मागवला, त्यामुळे शेकडो चौकांत तोच एक गडी त्याच आवेशात उभा आहे. (एकाच साच्यातले पुतळे म्हटल्यावर आपणही फार हसू नये.) पण खालची नावं ज्या त्या गावची. इंग्लंडात बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने, म्हणजे जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यातला पोऱ्या एकाखाली एक. एकाच आडनावाची तीन-चार माणसं लागोपाठ आली की पुढची ओळ वाचवत नाही. तळाशी, चौथऱ्यावर जागा मिळेल तिथे, १९३९–१९४५ ची नावं बसवलेली. वरची यादी कोरणाऱ्याने जागा ठेवली नव्हती. पुन्हा असं युद्ध होईल असं त्याला वाटलं नसणार.

आपल्या लोकांची नावं कुठेच नाहीत असं नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावं आहेत, फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त. पण ती आपल्या गावापासून किती लांब! आणि इराकमधल्या बसऱ्याला तर तेही नाही. बसरा म्हटलं की आपल्याला मोती आठवतात. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, पहिल्या महायुद्धातल्या मोहिमेत मराठा पलटणींनी मोठी झुंज दिली होती. तिथल्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या. युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये, म्हणजे शंभरेक वर्षांनी, हा भेदभाव कबूल करून माफी मागितली.

पाटीपुढे उभं राहिलं की आपोआप वजाबाकी सुरू होते. गेले इतके, मेले इतके, म्हणजे परत आले इतके. आलेल्यांचा आकडा पाटीवर नसतो, तो वाचणाऱ्याने काढायचा. त्या इंग्रजीला दोन क्रियापदं लागली, एक जाण्याचं आणि एक मरण्याचं. मराठीत दोन्हींना एकच पुरतं.

हे लक्षात आलं ते अशाच एका पाटीपाशी. शेजारच्या ओट्यावर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. मी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, यातलं कोणी तुम्हाला माहीत आहे का?

“आमच्या घरातला बी एक गेला व्हता म्हनत्यात. माज्या आजेसासऱ्याचा भाऊ.”

“गेला म्हणजे, लढाईवर गेला? की तिकडेच गेला?”

आजींनी शेंगांतून मान वर केली. शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

“गेला म्हंजी गेला,” त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.