उदास आजी-आजोबांसाठी चार वाजताची खुर्ची

नाशिकमध्ये घरातलं वयस्कर माणूस गप्प गप्प राहू लागलं, की सल्ला ठरलेला असतो: पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर न्या, चार फेऱ्या मारू द्या. हेतू चांगला, वेळ चुकीची. नैराश्यात अनेकांना सकाळच सगळ्यात जड जाते. तीन-चारला जाग आलेली असते, अंग उचलत नाही, तोंड धुणंसुद्धा ओझं वाटतं. त्यात डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली उतरतो आणि थंडीने रक्तदाब चढतो. अशांना दुपार कलली की जरा हलकं वाटतं. म्हणून चहानंतरची, चार-साडेचारची वेळ धरा आणि रोज तीच ठेवा.

हालचाल, श्वास आणि लक्ष एकत्र बांधणारा व्यायाम निवडा. सौम्य योगासनं चालतात, ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामही चालतो. २०११ साली लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठीपुढचे रुग्ण एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी घेत होते. काहींना सोबत दहा आठवडे ताई ची शिकवलं, बाकीच्यांना आरोग्यमाहितीचे वर्ग दिले. ताई चीवाल्यांना जास्त आराम पडला. गोळी दोन्ही गटांत चालूच होती, हे विसरू नका. ती आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही.

सुरुवात आठ-दहा मिनिटांची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते. जड, बिनचाकाची घ्या, खुर्चीची पाठ भिंतीला लावा. मोजे काढा. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

एक हात पोटावर. चार आकडे मोजत श्वास नाकाने आत, सहा मोजत बाहेर, असं सहा वेळा. धाप लागली तर तीन मोजत आत, चार मोजत बाहेर करा. श्वास कोंडायचा नाही. मग श्वास घेताना दोन्ही हात पाण्यातून उचलावेत तसे खांद्यापर्यंत वर, सोडताना खाली. हेही सहा वेळा. पुढे खुर्चीच्या टोकाशी सरका, पाय थोडे मागे घ्या, श्वास सोडत उठा, दोन मोजा, सावकाश बसा. पाच वेळा पुरे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच्या हातांचा आधार घ्या. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्याची कड धरून वजन डाव्या पायावर, तीन श्वास, मग उजव्या पायावर. ओटा हलत नाही, उंचीही बरोबर असते.

वजन कुठे आलं ते तोंडाने बोला: ‘डावी टाच जड झाली.’ ‘मन शांत करा’ म्हटलं की मन आणखी भरकटतं. टाचेकडे लक्ष देणं जमतं. डोळे उघडेच ठेवा. मिटले तर तोल जातो आणि तेच तेच विचार फिरू लागतात. लांबलचक शवासनही याच कारणाने नको. तिथे डोळा लागला तर रात्रीची झोप आणखी बिघडते.

कपालभाती, कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि डोकं खाली जाणारी आसनं उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी टाळावीत. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून पुढे वाकू नये. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांकडून बसून आणि उभं राहून, दोन्ही रक्तदाब तपासून घ्या. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वीस किंवा जास्त उतरला, तर गोळ्यांकडे बघावं लागतं. तोपर्यंत सगळं बसूनच.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक घरांत हे मोडतं, कारण ‘आई, तुझा व्यायाम झाला का?’ एवढंच विचारलं जातं. शेजारी दुसरी खुर्ची मांडा आणि ‘चल, आपण दोघं करू’ म्हणा. एक दिवस चुकला तर चुकला; त्याचा हिशेब मागू नका, दुसऱ्या दिवशी खुर्ची मांडा.

जेवण सुटलं, किंवा ‘मी आता कशाला जगू’ असं तोंडी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, माणसाला एकटं सोडू नका. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.