रानातल्या शाळा, वटवाघळं आणि ८०० तास: माझ्या पीएचडीचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडली की दाट रान सुरू होतं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्याच डोंगरपट्ट्यात म्हादईही. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं ते याच भागात. रानात विखुरलेली मराठी बोलणारी लहान लहान गावं आहेत आणि त्या गावांत एक-दोन खोल्यांच्या सरकारी मराठी शाळा. माझी पीएचडी या शाळांवर झाली. विषय शिक्षणशास्त्राचा, पण प्रबंध उभा राहिला तो प्राणिशास्त्र आणि कायदा या दोन शाखांच्या टेकूवर. एम.एड. करून संशोधनाकडं वळू पाहणारी आपल्या सीमाभागातली पुष्कळ मुलं-मुली मला याबद्दल विचारतात. उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून नीट लिहून काढते आहे.

प्रवेशाचा भाग आधी उरकते. मी बेळगावात हायस्कूलला शिकवते, त्यामुळं अर्धवेळ नोंदणीच शक्य होती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला वाव आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा, निम्मा आपल्या विषयाचा. नंतर मुलाखत. लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० असं वजन धरतात. प्रमाणपत्र हातात पडायला वेळ लागला, बऱ्याच खेपा झाल्या, पण मिळालं. अर्धवेळवाल्यांनी ते जाहिरात निघण्याआधीच मागून ठेवावं.

विषय माझ्या डोक्यात पक्का होता. एकाच खोलीत पहिली ते पाचवी, आणि शिकवायला एक किंवा दोन शिक्षक. बहुवर्ग अध्यापनावर कर्नाटकात काम झालेलं आहे. नली-कली (खेळत, आनंदानं शिकण्याची) पद्धत मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढं राज्यभर गेली. मला मात्र पद्धतीपेक्षा वेळेचा प्रश्न छळत होता. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असतात, तेव्हा पहिलीतलं पोर काय करत असतं? मार्गदर्शक मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मोजणार कसं?" तिथं गाडी अडली.

वाट सापडली ती कोर्सवर्कमध्ये. नियमानं किमान १२ क्रेडिट्सचं कोर्सवर्क लागतं, आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिट्सचा पेपर सगळ्यांनाच सक्तीचा आहे. त्यासाठी सगळ्या शाखांचे विद्यार्थी एका वर्गात बसतात. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या लेखी तोच वर्ग सगळ्यांत मोलाचा होता. शेजारच्या बाकावर वटवाघळांवर काम करणारा प्राणिशास्त्राचा मुलगा होता. मागं रसायनशास्त्राच्या दोघी आणि त्यांच्यापलीकडं वाणिज्यचे एक प्राध्यापक. कायद्याच्या एका अभ्यासकाशी पुढं एका कार्यशाळेत ओळख झाली. त्याची नोंदणी हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठात होती आणि विषय भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क.

नीतिमत्तेच्या तासाला एका सरांनी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेतलं. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, याची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत झाली होती. १६२० बाया त्यात होत्या. काहींना खरी गोळी, काहींना औषध नसलेली, आणि कुणाला कुठली गेली हे बाईला ठाऊक नाही, देणाऱ्या नर्सलाही नाही. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचं दिसलं आणि ते २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सरांनी पुढं विचारलं, "घरात बाळंत होणाऱ्या, कदाचित सही न येणाऱ्या बाईची संमती कशी घ्यायची?" तासभर वर्ग त्यावर बोलत होता. मी माझ्या वहीत लिहून घेतलं: पालकांची संमती, मराठीत, वाचून दाखवून, आणि नको म्हणायची मोकळीक ठेवून. फॉर्मवर अंगठा घेणं आणि संमती घेणं यांत किती अंतर आहे, हे मला वैद्यकशास्त्रानं शिकवलं.

वटवाघळांचं काम तर माझ्याच टापूतलं निघालं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राहणाऱ्या रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं. पुढं कितीतरी वर्षं ही जात जगात दुसरीकडं कुठं आढळलीच नव्हती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे, म्हणून गुहेच्या आसपास काम करायचं तर वनखात्याची परवानगी आधी. आमच्या मित्राची मोजायची रीत अशी: दोघांनी संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी वेगवेगळ्या जागी बसायचं, बाहेर पडणारी वटवाघळं आपापली मोजायची, आणि शेवटपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. मग आकडे ताडून बघायचे. फरक जास्त आला तर त्या दिवसाची मोजणी बाद.

"तुमच्या वर्गात पण दोघं बसवा की," तो म्हणाला.

शिक्षणशास्त्रात स्टॉलिंग्सची 'स्नॅपशॉट' पद्धत आहे. तासाच्या ओघात ठरावीक अंतरानं दहा वेळा, दर वेळी पंधरा सेकंद, सगळ्या वर्गावरून नजर फिरवायची आणि टिपायचं: शिक्षक कुणाबरोबर, काय करताहेत, हातात काय आहे, मुलं कशात गुंतली आहेत. मूळ पद्धत एका इयत्तेच्या वर्गासाठी आखलेली. मी तक्त्यात पाचही इयत्तांचे रकाने वेगळे पाडले. डी.एड. झालेल्या एका मुलीला सोबत घेतलं, तिला शिकवलं, आणि दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून नोंदी करू लागलो. दोघींच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा एक आकडा असतो, कोहेनचा 'कॅपा'. आधी सरावाच्या शाळेत तो समाधानकारक आला, मगच खऱ्या शाळांत गेलो. एकटीच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून हा प्रबंध मला लिहिता आला नसता.

शाळेत जायचं तर बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसची परवानगी, मग सीआरपींचा, म्हणजे शाळांच्या समूहावर देखरेख करणाऱ्यांचा निरोप, मग मुख्याध्यापकांचा होकार. सगळं पत्रावर, कन्नडमध्ये. कन्नड लिहिता येत असेल तर हे काम अर्ध्यावर येतं, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावं. भाषेचा अभिमान आपल्या जागी, पण ऑफिसात अर्ज ज्या भाषेत चालतो त्याच भाषेत द्यावा लागतो. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बेभरवशाचे, त्यामुळं वेळापत्रक दिवाळीनंतरचंच धरलं.

एका शाळेतला एक तास सांगते, म्हणजे तक्ता कशाचा होता ते कळेल. खोली एक. फळ्यावर खडूच्या दोन उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले. डावीकडं पहिलीसाठी अंक, मध्ये तिसरीची बेरीज, उजवीकडं चौथी-पाचवीचा भागाकार. दुसरीची दोनच मुलं, ती पाठ्यपुस्तकातला धडा उतरवत होती. गुरुजी उजवीकडं उभे. पहिल्या स्नॅपशॉटला पहिलीतली मुलगी पाटीवर १ ते १० लिहीत होती. दुसऱ्याला तिचं लिहून झालेलं, पाटी गुरुजींकडं वर धरलेली. तिसऱ्याला तसंच. चौथ्याला तिनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि पुन्हा १ पासून लिहायला घेतलं. गुरुजी एक क्षण रिकामे नव्हते. चौथीतला एक मुलगा बाकी विसरत होता, त्याच्याशी ते अगदी प्रेमानं झगडत होते. दोष कुणाचा म्हणायचा? तो तास गुरुजींनी शिकवला होता, यात शंका नाही. त्या मुलीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

याच ठिकाणी मला कायद्यानं हात दिला. आठवड्यानं त्या हुबळीच्या मित्राला हे सांगितलं. त्यानं २००९ चा शिक्षण हक्क अधिनियम काढला. अनुसूचीत लिहिलंय: पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास. मुलं साठपर्यंत असतील तर दोन शिक्षक. त्यानं विचारलं, "हे ८०० तास कुणाचे? शाळेचे, की प्रत्येक मुलाचे?" अनुसूची शैक्षणिक वर्षाचे तास सांगते. शाळा उघडी होती, शिक्षक हजर होते, शिकवत होते, म्हणजे कागदावर तास भरले. माझा तक्ता एकेका इयत्तेच्या वाट्याचं सांगत होता. माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्या दुपारी ठरला: अनुसूचीतल्या तासांपैकी बहुवर्ग शाळेतल्या एका इयत्तेच्या वाट्याला थेट शिक्षकाचे किती येतात?

त्याच्या स्वतःच्या कामातून मला अजून एक गोष्ट मिळाली. संविधानाच्या कलम ३५०क मध्ये प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं, राज्य पुनर्रचनेच्याच वर्षी. आपल्याकडच्या भाषणांत हे कलम फार ठासून सांगतात. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं कर्नाटकाच्या माध्यम-सक्तीच्या प्रकरणात निकाल दिला, की या कलमाच्या बळावर राज्याला मातृभाषेची सक्ती करता येत नाही. माध्यम निवडायचं स्वातंत्र्य पालकांचं आहे. ते प्रकरण १९९४ च्या शासन आदेशावरून उभं राहिलं होतं. म्हणजे मराठी शाळा टिकवायची ती कलमाच्या जोरावर नाही, पालकांना तिथं मूल पाठवावंसं वाटेल अशी ती करून. एखादं कलम ऐकण्यात येतं तेवढंच असतं असं नाही. त्याच्यावर कोर्ट काय म्हणालं हेही वाचावं लागतं. ही शिस्त शिक्षणशास्त्रवाल्यांनी कायदेवाल्यांकडून उचलावी, असं माझं ठाम मत आहे.

कणकुंबीचंच पाहा. भूजलाचा अभ्यासक तिथं पाऊस आणि झिरप मोजतो. कायद्याचा अभ्यासक म्हादई जलतंटा लवादाचा २०१८ चा निवाडा वाचतो, ज्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आलं. प्राणिशास्त्रज्ञ रानातली प्रजा बघतो. मी शाळा बघत होते. एकाच डोंगराला चार शाखांचे लोक चारही बाजूंनी भिडलेले, आणि बहुतेक वेळा एकमेकांचं नावही माहीत नसलेले.

लिहिणं लांबलं. प्रबंध इंग्रजीत, निरीक्षणाचे तक्ते मराठीत, परिशिष्टात दोन्ही. सादरीकरणाआधी साम्य तपासणी होते, म्हणजे प्रबंध दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. कायद्याचे उतारे जसेच्या तसे घेतले की ही टक्केवारी झपाट्यानं वाढते, तेव्हा अवतरणचिन्हं आणि संदर्भ पहिल्याच खर्ड्यापासून लावत जा. शेवटी लावायला बसलं की हमखास काहीतरी निसटतं.

मौखिक परीक्षा खुली असते. बाहेरचे परीक्षक कडक होते आणि ते बरंच झालं. त्यांनी विचारलं, "तुम्ही बसला होतात म्हणून गुरुजी जास्त शिकवत नसतील कशावरून?" मी सांगितलं की प्रत्येक शाळेतल्या पहिल्या भेटीच्या नोंदी मी हिशोबात धरलेल्याच नाहीत. हेही वटवाघळांकडून आलेलं: गुहेत नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी प्राणी बिथरतात, म्हणून आमचा मित्र पहिल्या संध्याकाळची मोजणी सोडून देत असे. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले.

प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आहे, कुणीही वाचू शकतं. पण रानातल्या गावात तो इंग्रजीतून कोण वाचणार? म्हणून लहानसा मराठी सारांश लिहिला आणि एका शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. पाटी धरून बसलेल्या त्या मुलीची गोष्टही सांगितली, नाव न घेता. एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमचं मोजून झालं. आता आमच्या शाळेला दुसरा मास्तर मिळणार काय हो?" मी खरं ते सांगितलं: प्रबंधानं शिक्षक मिळत नाही, अर्जासोबत हे आकडे जोडता येतील, आणि अर्ज लिहायला मी बसेन. त्याच बैठकीत आम्ही तो कन्नडमध्ये लिहिला.

मग एका आईनं वेगळीच गोष्ट काढली. पावसाळ्यात ओढा भरला की तिचं पोर आठवडाच्या आठवडा घरीच असतं. मी गेले होते दिवाळीनंतर, म्हणजे ते दिवस माझ्या तक्त्यात कुठंच नव्हते. कायद्यातले २०० दिवस आणि ओढ्यापलीकडच्या मुलांचे दिवस, हे पुढचं काम घेतलं आहे. भूजलवाल्या अभ्यासकाकडं त्या ओढ्याच्या पुराच्या नोंदी आहेत. जूनपासून आम्ही दोघं मिळून सुरू करतोय.