आमची वाटचाल: तुर्भ्याचं गोदाम आणि कमी सल्फरची वाइन

आम्ही दोघे भाऊ मूळचे द्राक्षवाले, म्हणजे नाशिककडून येणारा खायच्या द्राक्षांचा माल तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या कोल्ड रूममध्ये ठेवायचा आणि न्हावा शेव्याला रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, चढवून द्यायचा. सीझन संपला की रूम रिकामी, लाइटबिल चालूच. एका इम्पोर्टरने तिथे वाइन ठेवली, त्यातली जॉर्जिया या देशाची एक बाटली त्याने आम्हाला पाजली, पांढऱ्या द्राक्षांचीच पण सालीसकट आंबवलेली, रंग नारिंगी, तळाला गाळ, घशाला तुरट. द्राक्षात आयुष्य गेलं होतं पण द्राक्षाची ही चव आम्हाला माहीत नव्हती. तिथून एफएल-१ च्या, म्हणजे दारूच्या घाऊक धंद्याच्या लायसन्सच्या, मागे लागलो.

जॉर्जियात हे फार जुनं आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांत वाइनच्या खुणा मिळाल्या, त्या इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपासच्या, २०१७ मध्ये जाहीर झालं. तिकडे अजून क्वेव्री नावाचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मधमाशीचं मेण लावतात, युनेस्कोने २०१३ मध्ये ती पद्धत वारसा यादीत घेतली. पण आजची जी नॅचरल वाइनची चळवळ आहे ती फ्रान्समधल्या बोजोलेची. तिथे ज्यूल शोव्हे म्हणून होते, वाइनचे व्यापारी आणि स्वतः केमिस्ट, त्यांचं म्हणणं की द्राक्ष निरोगी असेल आणि काम स्वच्छ असेल तर सालीवरच्या यीस्टला काम करू द्या, सल्फर, म्हणजे वाइन टिकवायला घालतात ते सल्फर डायऑक्साइड, ओतून ती मारू नका. तिथल्याच मॉर्गोंच्या मार्सेल लापिएरनी १९८० च्या दशकात त्यांचं ऐकून वाइन करायला सुरुवात केली आणि आजूबाजूचे बाकीचे त्यांच्या मागे आले. पण काहीच न करता वाइन होते असं कोणी सांगितलं तर उठून जा. सल्फर कमी करायचं तर निवड, सफाई आणि थंडावा या तिन्ही गोष्टी दुप्पट कराव्या लागतात.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग आला तो मे महिना.

कंटेनर उतरला, कागदात काहीतरी अडलं, आणि रीफरचा प्लग काढलेला राहिला. कोणाच्या यार्डात ते इथे लिहीत नाही, पण आजही मनातून गेलेलं नाही. बाहेरून सेटपॉइंट, म्हणजे लावलेलं तापमान, १४ अंश दिसत होता. आमचे तापमान नोंदवणारे दोन डेटा लॉगर आत होते, एक दरवाज्याजवळ आणि एक अगदी मागे, दोघांचा ग्राफ ३८ ला टेकलेला. न गाळलेल्या वाइनमध्ये यीस्ट जिवंत असते, थोडी साखर उरलेली असली की उष्णतेत ती परत कामाला लागते, तसंच झालं, बुचं वर आली, पेट्या ओल्या. ड्यूटी १५० टक्के, ती भरून झालेली. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले.

त्याच महिन्यात ठाण्यातल्या एका डिस्ट्रिब्यूटरने आमच्या गढूळ बाटल्यांचे फोटो हॉटेलवाल्यांना पाठवले, माल खराब असतो म्हणाला, आणि स्वतःची 'नॅचरल' लिहिलेली काचेसारखी स्वच्छ वाइन आमच्यापेक्षा कमी भावात लावली. घोडबंदर रोडची आमची बहुतेक परमिट रूम एका आठवड्यात गेली. ज्यांना आम्ही ग्लास कसा भरायचा इथपासून शिकवलं त्यांनी फोन उचलले नाहीत. गोदाम विकायची बोलणी सुरू झाली होती.

पाचपाखाडीचे एक सर, केमिस्ट्रीचे रिटायर्ड प्रोफेसर, आमचे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक, ते रिक्षाने तुर्भ्याला आले, पिशवीत ब्युरेट, स्टँड, आयोडीन, स्टार्च सगळं. त्या डिस्ट्रिब्यूटरची पांढरी वाइन घेतली, कारण लालमध्ये रंगामुळे एंडपॉइंट नीट दिसत नाही. आधी कॉस्टिक घालून थांबले म्हणजे बांधलेला सल्फर सुटतो, मग ॲसिड, स्टार्च, आणि थेंब थेंब आयोडीन, निळं टिकलं तिथे आकडा. टोटल सल्फर लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या वर. युरोपात साध्या ड्राय पांढऱ्या वाइनला लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे बेकायदा काही नाही, पण फ्रान्सने २०२० मध्ये 'व्हां मेथोद नात्यूर' म्हणून जे लेबल मान्य केलं त्यात ३० ची मर्यादा आहे, शिवाय हाताने तोडणी, ऑरगॅनिक द्राक्ष, अंगचीच यीस्ट. आमची वाचलेली जॉर्जियाची पांढरी त्याच ब्युरेटवर ३० च्या आत आली. सरांनी दोन्ही आकडे कागदावर लिहून सही केली, आणि तो कागद घेऊन मी घोडबंदरला दारोदार फिरलो. निम्मे परत आले. सरांनी त्या दिवशी दोन पेट्या पूर्ण भावाने उचलल्या, डिस्काउंट देऊ केला तर रागावले.

आता नवीन जी मुलं या धंद्यात येतायत त्यांना सांगतो, एप्रिल-मेमध्ये माल मागवू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागो. लॉगर स्वतःचा टाका, दुसऱ्याच्या प्रिंटआउटवर भरवसा नको. हॉटेलवाल्याला बाटली आदल्या दिवशी उभी ठेवायला सांगा, गाळ खाली बसतो, आणि उधारी पहिल्या ऑर्डरपासून बंद. आणि नाशिकच्या शेतकऱ्याने कमी सल्फरची करायची म्हटली तर तोडणी रात्री करा, आपल्याकडे जानेवारी ते मार्चला दुपारचा माल गरम येतो, त्यात पीएच वर गेला, म्हणजे आंबटपणा उतरला, की थोडा सल्फर पुरत नाही.

तो डिस्ट्रिब्यूटर अजून आहे, लेबलवर 'नॅचरल' अजून आहे, त्याला कोणी विचारत नाही. आम्ही प्रत्येक लॉटचा टोटल सल्फरचा लॅब रिपोर्ट बिलाला जोडतो, आणि हॉटेलवाल्यांनी तोच कागद त्याच्याकडेही मागावा.